बालरुग्णालय : दात्यांचा पाया आणि सार्वजनिक कोषाचा आधार

(देवस्थानच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



देवळाच्या सभामंडपात रुग्णालयाविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु देवापुढे लावल्या जाणाऱ्या कौलांपैकी आणि बोलल्या जाणाऱ्या नवसांपैकी किती आजारी मुलांसाठी असतात, हे पुजाऱ्याइतके दुसरा कोण जाणतो? पाळणा वाहिला जातो, मुलाची तुला होते, अभिषेक होतात. अशा प्रत्येक नवसामागे एखादी जागून काढलेली रात्र असते, तापाने फणफणलेले मूल असते, आणि डॉक्टर मिळेल का, औषध परवडेल का, या चिंतेने उंबरठ्यावर बसलेला बाप असतो. बालरुग्णालय हा विषय देवस्थानच्या अंगणाला म्हणूनच परका नाही.

या व्याख्यानाचा विषय मात्र वैद्यकशास्त्र हा नव्हे. प्रश्न हिशेबाचा आहे. मुलांचे रुग्णालय उभे कोण करतो, आणि ते रोज चालवतो कोण? वरकरणी हे दोन्ही प्रश्न एकच भासतात. वस्तुतः ते अगदी भिन्न आहेत, आणि महाजनांइतके हे भिन्नत्व दुसऱ्या कोणाच्या चटकन ध्यानी येणार नाही. १९३३ च्या देवस्थान नियमावलीपासून आपल्या संस्थांना वार्षिक अंदाजपत्रक करण्याची, जमाखर्च मांडण्याची सवय आहे. सभामंडप बांधावयाचा असला, दीपमाळेचा जीर्णोद्धार करावयाचा असला, पालखीला चांदी मढवावयाची असली, तर दाते पुढे येतात. फरशीवर नाव कोरले जाते आणि ते योग्यही असते. परंतु रोजच्या नैवेद्याचे तांदूळ, नंदादीपाचे तेल, झाडलोट करणाऱ्याचे वेतन, पावसाळ्यात गळणारे छप्पर, यांसाठी स्वतःहून देणगी घेऊन येणारा गृहस्थ विरळा. म्हणूनच पूर्वजांनी देवाच्या नावे शेते आणि कुळागरे लावून ठेवली. एकदाच होणारा खर्च दानातून भागतो. नित्याचा खर्च नित्य उत्पन्नातूनच भागवावा लागतो. बालरुग्णालयांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे याच एका सत्याचा विस्तार होय.

प्रारंभ लंडनपासून केला पाहिजे. स्वतंत्र बालरुग्णालयाची कल्पना लंडनच्याही आधी पॅरिसमध्ये, १८०२ साली, साकार झालेली होती. इंग्लंडमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजारी मुलांना रुग्णालयात खाट जवळजवळ मिळतच नसे. लहान मुले साथी पसरवतात, त्यांची शुश्रूषा फार कष्टाची असते आणि ती आईनेच करावी, अशी समजूत रूढ होती. त्या काळी लंडन शहरात दरवर्षी होणाऱ्या सुमारे ५० हजार मृत्यूंपैकी २१ हजार मृत्यू दहा वर्षांखालील मुलांचे असत. आणि १८४३ साली शहरातील रुग्णालयांत असलेल्या सुमारे २,४०० रुग्णांत दहा वर्षांखालील मुले अवघी २६ होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले, म्हणजे निराळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

डॉ. चार्ल्स वेस्ट या वैद्याने हे आकडे हाती घेऊन दारोदार हिंडून निधी जमवला, आणि १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील ४९ क्रमांकाच्या एका जुन्या घरात दहा खाटांचे रुग्णालय सुरू झाले. हे घर पूर्वी डॉ. रिचर्ड मीड या राजवैद्यांचे होते. आरंभी आया मुलांना तेथे आणण्यास कचरत असत. रुग्णालय म्हणजे मरणाचे ठिकाण, ही धास्ती मनातून जाण्यास वेळ लागला. पण एकदा विश्वास बसला, तसा दहा खाटांचा पसारा अपुरा पडू लागला, आणि त्याबरोबरच पैशाची चणचणही सुरू झाली.

या प्रसंगी चार्ल्स डिकन्स हा कादंबरीकार मदतीस धावला. ९ फेब्रुवारी १८५८ रोजी रुग्णालयाच्या साहाय्यार्थ झालेल्या भोजनसमारंभात त्याने केलेल्या भाषणाने श्रोते हेलावले आणि तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. त्याच वर्षी त्याने आपल्या नाताळकथेचे जाहीर वाचन करूनही रुग्णालयास पैसा मिळवून दिला. शेजारचे घर विकत घेता आले, खाटा वाढल्या. पुढे १८७५ च्या सुमारास नवी इमारत झाली आणि १८७८ साली परिचारिकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था झाली.

दानाचे सर्वांत विलक्षण उदाहरण १९२९ सालचे. रुग्णालयाला विस्तारासाठी जागा हवी होती आणि सर जेम्स बॅरी या नाटककाराला निधी-समितीवर येण्याची विनंती करण्यात आली. त्याने ती नाकारली. परंतु थोड्याच काळाने आपल्या ‘पीटर पॅन’ या नाटकाचे सर्व हक्क रुग्णालयाला देऊन टाकले. कधीही मोठा न होणाऱ्या मुलाची ही कथा तेव्हापासून अनेक मुलांना मोठे होण्यास साह्य करीत आली आहे. त्यापासून किती उत्पन्न होते हे जाहीर करू नये, अशी दात्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली. १९३७ साली बॅरी निवर्तला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९८७ अखेर, ब्रिटनमधील त्या हक्कांची मुदत संपली. तेव्हा माजी पंतप्रधान लॉर्ड कॅलहॅन यांनी १९८८ च्या कायद्यात खास तरतूद करवून घेतली, आणि त्या देशात या नाटकाचे मानधन रुग्णालयाला कायमचे मिळण्याची सोय झाली. देवाच्या नावे लावून दिलेल्या शेताहून हे काय निराळे?

परंतु खरा मुद्दा यापुढे आहे. डिकन्सचे भाषण, बॅरीचे नाटक, श्रीमंतांच्या वर्गण्या, राजघराण्याचा आश्रय, हे सर्व असूनही केवळ दानावर चालणारी इंग्लंडमधील रुग्णालये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सतत तुटीत होती. वैद्यकशास्त्र पुढे जात होते. क्ष-किरण आले, प्रयोगशाळा आल्या, शस्त्रक्रिया वाढल्या. आणि शास्त्र जसजसे अधिक मुले वाचवू लागले, तसतसा प्रत्येक खाटेचा खर्च वाढू लागला. सन १८५२ मध्ये रुग्णालयाचा मुख्य खर्च दूध, कोळसा, कपडे आणि शुश्रूषा एवढाच होता. शंभर वर्षांनी तो वर्गणीच्या पेटीत मावेनासा झाला. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे रुग्णालय तीत समाविष्ट झाले. त्या दिवसापासून परिचारिकेचे वेतन, औषधाची किंमत, शस्त्रक्रियागृहातील दिव्यांचा खर्च हा करदात्यांचा भार झाला. मुलाला दाराशी आणणाऱ्या आईला, ‘तुझ्यापाशी पैसे किती?’ हा प्रश्न विचारण्याचे कारण उरले नाही.

मग दानाचे प्रयोजन संपले काय? तसे मुळीच घडले नाही. सन १९८० नंतरच्या काळात त्याच रुग्णालयाच्या इमारती जुनाट झाल्या, छते गळू लागली, आणि नव्या बांधकामास पुरेल एवढा पैसा एकट्या सरकारी तिजोरीतून येईना. १९८७ साली जनतेला आवाहन करण्यात आले आणि दीड-दोन वर्षांत ५ कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमली; त्यात शाळकरी मुलांनी दिलेली नाणीही होती. सरकारनेही आपला वाटा घातला. आज या रुग्णालयात सुमारे ४०० खाटा असून दुर्मिळ आणि अवघड रोगांची मुले देशाच्या सर्व भागांतून तेथे पाठवली जातात. नित्य खर्च आरोग्यसेवेकडून येतो. पुनर्बांधणी, संशोधन, नवी यंत्रे आणि दूरगावाहून आलेल्या आईबापांची राहण्याची सोय यांस धर्मादाय निधी हातभार लावतो. दान आणि कर या दोहोंनी एकमेकांची जागा घेतली नाही. दोहोंनी आपापले काम वाटून घेतले.

आता जरा अमेरिकेकडे वळावे, कारण तेथे व्यवस्था वेगळी आहे आणि तिच्यातील धोकाही अधिक स्पष्ट दिसतो. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचा आदर्श पाहून १८५५ साली फिलाडेल्फियात त्या देशातील पहिले बालरुग्णालय स्थापन झाले. तेथेही प्रारंभ दानातूनच झाला. आरोग्यसेवा सर्वांना मोफत असे तेथे नाही. परंतु १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची योजना कायद्याने आणली आणि १९९७ साली, मेडिकेडच्या मर्यादेहून थोडे अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी ‘चिप’ ही पूरक योजना आली. परिणाम असा झाला, की आज त्या धनाढ्य देशातील बालरुग्णालयांत येणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचा खर्च या सार्वजनिक योजना उचलतात. भव्य इमारतींवर उद्योगपतींची नावे झळकतात खरी, परंतु त्या इमारतींतील दिवे तेवत राहतात ते मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक पैशावर.

असे अवलंबन असले, की विधिमंडळातील एका मताचा परिणाम थेट खाटेपर्यंत पोहोचतो. ३० सप्टेंबर २०१७ रोजी ‘चिप’ योजनेच्या निधीची मुदत संपली आणि ती वेळेवर वाढवली गेली नाही. सुमारे ९० लाख मुलांचा प्रश्न होता. २२ जानेवारी २०१८ पर्यंत, जवळजवळ चार महिने, कित्येक राज्यांना पुढील महिन्यात पैसे असतील की नाही याची खात्री नव्हती, आणि काहींना तर पालकांना सूचनापत्रे पाठवण्याची तयारी करावी लागली. अखेर योजना वाचली. परंतु मधुमेही मुलाच्या आईने ते चार महिने कोणत्या मनःस्थितीत काढले असतील, याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या भावी खर्चाला मोठी कात्री लावली आणि बालरुग्णालयांपुढे हीच चिंता पुन्हा उभी राहिली. मेडिकेड ही प्रौढांचीही योजना असल्याने वाद प्रौढांविषयी होतो. पण झळ वॉर्डातील मुलांपर्यंत जाते.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. इतर रुग्णालये शुल्कावर चालतात, मग बालरुग्णालयेच का चालू नयेत? याची कारणे रुग्णाच्या वयातच आहेत. मुलाला उत्पन्न नसते. त्याचे आईबाप बहुधा तरुण, संसाराच्या आरंभीच्या ओढाताणीत असलेले असतात. मूल आजारी पडले, की दोघांपैकी एकाची मजुरी बुडते. प्रौढ रुग्ण स्वतः कुशीवर वळतो, स्वतः पाणी पितो, कोठे दुखते ते सांगतो. तान्ह्या मुलाला यांतले काहीच जमत नाही, म्हणून परिचारिका अधिक लागतात. नवजात अर्भकापासून पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत प्रत्येक मापाची नळी, प्रत्येक मापाची सुई, प्रत्येक वजनाला औषधाची वेगळी मात्रा लागते. कमी दिवसांचे, किलो-सव्वा किलो वजनाचे बाळ काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे राहते. शिवाय गर्दीला ऋतू असतो: पावसाळ्यात हगवण आणि ताप, थंडीत न्यूमोनिया आणि श्वासाचे विकार. उन्हाळ्यात काही खाटा रिकाम्या राहिल्या, तरी परिचारिकांना घरी पाठवता येत नाही, कारण पहिल्या पावसाबरोबर त्याच खाटांवर दोन-दोन मुले येणार असतात. अशा संस्थेचा जमाखर्च शुल्कातून जुळवावयाचा ठरवला, तर तो एकाच प्रकारे जुळेल: गरिबांच्या मुलांना दार बंद करून.

आता आपल्या मुलखाकडे यावे. मुंबईत परळ येथे, कापडगिरण्यांच्या वस्तीच्या मध्यभागी, वाडिया घराण्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोन रुग्णालये उभारली. नवरोसजी वाडिया यांच्या नावाचे प्रसूतिगृह १९२६ साली, आणि त्यांच्या पत्नी बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय त्यानंतर १९२९ च्या सुमारास. सर नेस आणि सर कसरो हे त्यांचे पुत्र गिरणीमालक होते. जेरबाईंनी स्वतः १९०८ साली लालबागेत गरजू पारशी कुटुंबांसाठी वसाहत उभारली होती. मातेचा तो दानधर्म पुत्रांनी जातिधर्माच्या मर्यादा ओलांडून गिरणगावातील सर्व मुलांपर्यंत नेला. ज्या काळात चाळीच्या एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत आणि असंख्य अर्भके वर्षाच्या आतच दगावत, त्या काळात या दानाचे मोल काय होते, हे सांगावयास नको. कोकणातून, घाटावरून, गोमंतकातून मुंबईस चाकरीसाठी गेलेल्या कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या या रुग्णालयाच्या ऋणात आहेत. बालरोगशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून आपल्या देशात रुजली, तीतही या संस्थेचा आणि डॉ. जॉर्ज कोएल्हो यांच्यासारख्या तेथील वैद्यांचा मोठा वाटा आहे.

या दात्यांची दूरदृष्टी केवळ इमारतीत नव्हती. ही रुग्णालये चालवण्याचा भार दाते, शासन आणि नगरपालिका यांनी वाटून घ्यावा, अशी व्यवस्था आरंभीच्या काळातच झाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, परळचे रूप पालटले, परंतु ही व्यवस्था टिकून राहिली. आणि तिच्यावर रुग्णालय किती अवलंबून आहे, याचा प्रत्यय जानेवारी २०२० मध्ये आला. अनुदान थकल्यामुळे पैसा संपत आल्याचे रुग्णालयाने सांगितले. महापालिकेचे हिशेबाविषयी काही आक्षेप होते. वाद कोणाचा किती खरा, हा या व्याख्यानाचा विषय नव्हे. पण त्या दिवसांत नवे रुग्ण दाखल करून घेणे थांबवण्याची पाळी आली, कर्मचारी रस्त्यावर उतरले, आणि मुलांना उराशी घेऊन दुरून आलेल्या आयांना काय करावे ते सुचेना. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. न्यायालयाने कठोर शब्दांत विचारणा केली, आणि शासनाने व महापालिकेने निधी मोकळा केला. रुग्णालय वाचले. परंतु जवळजवळ शंभर वर्षांच्या संस्थेचा श्वास काही महिन्यांच्या अनुदानाअभावी कोंडावा, यातून घ्यावयाचा बोध मोठा आहे. दात्याने पाया कितीही भक्कम घातला, तरी नित्य खर्चाचा झरा आटला की इमारतीचे केवळ स्मारक उरते.

हैदराबादच्या मराठी कुटुंबांना निलोफर रुग्णालय परिचित आहे. निजामाच्या घराण्यातील राजकन्या निलोफर यांची एक दासी बाळंतपणात दगावली आणि त्या दुःखातून स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालयाचा संकल्प झाला. १९५३ साली ते उभे राहिले. संकल्प एका व्यक्तीचा, पण चालवण्याचा भार शासनाचा, म्हणून ते टिकले आणि वाढले. मडगावचे हॉस्पिसियोही एकोणिसाव्या शतकात पाद्री मिरांडा यांच्या परोपकारबुद्धीतून जन्मले आणि पुढे शासकीय आरोग्यव्यवस्थेत सामावले गेले. पंथ निराळे, राजवटी निराळ्या, पण क्रम तोच: करुणेने आरंभ करावा आणि सार्वजनिक कोषाने तो चालू ठेवावा.

बालरुग्णालयाचा उपयोग त्याच्या भिंतींपुरताच असतो, अशी कोणाची समजूत असेल तर तीही येथे दूर केली पाहिजे. अशी रुग्णालये साऱ्या समाजाची शाळा असतात. येथे शिकलेला डॉक्टर तालुक्याच्या गावी जातो, येथे तयार झालेली परिचारिका प्राथमिक आरोग्यकेंद्रात रुजू होते, आणि येथून मूल घेऊन परतणारी आई शेजारणीला पाणी उकळून देण्यास शिकवते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनवीस यांना शिरेतून द्यावयाचे सलाइन पुरेना. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी तोंडावाटे पाजण्यास आप्तांनाच शिकवले, आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते ते शेकडा ४ च्या आत आले. आज घरोघरी माहीत असलेले ते पाणी प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात आधी सिद्ध झालेले होते. त्याचप्रमाणे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले आणि नवजात मृत्यूंत शेकडा ६२ घट झाल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. रुग्णालयाचे ज्ञान खेड्यात पोहोचले, की रुग्णालयाची गर्दीही कमी होते. ही रुग्णालयाच्या शुल्कपत्रिकेत न दिसणारी मिळकत होय, आणि तिचा लाभ सर्वांना मिळत असल्याने तिचा खर्चही सर्वांनीच सोसणे न्याय्य ठरते.

देशाचा हिशेब मांडला, तर समाधान आणि चिंता दोन्ही पदरी येतात. १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. १९८५ पासूनचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम, आजारी नवजात अर्भकांसाठी सरकारी रुग्णालयांत झालेले विशेष कक्ष, २०११ पासून प्रसूती आणि नवजात शुश्रूषा मोफत देणारी योजना, फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. शाळेत आणि अंगणवाडीत तपासणी होऊन हृदयाला छिद्र असलेले, ओठ दुभंगलेले, ऐकू न येणारे मूल वेळीच मोठ्या रुग्णालयात पोहोचते, ते याच सार्वजनिक पैशावर. तथापि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के रक्कम सरकारांनी आरोग्यावर खर्चावी असे उद्दिष्ट ठेवले असताना, २०२१-२२ मध्ये ते प्रमाण १.८४ टक्के होते. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट आपल्या खिशातून दिली. २०१३-१४ मध्ये हेच प्रमाण ६४ टक्क्यांवर होते, हे ध्यानी घेता सुधारणा निर्विवाद आहे. पण शंभर रुपयांतील एकोणचाळीस रुपये कोणाच्या खिशातून येतात, हे विसरता कामा नये. ते कोणाच्या मंगळसूत्रातून, कोणाच्या गाईच्या विक्रीतून, कोणाच्या सावकारी कर्जातून आलेले असतात.

महाजन मंडळींनी यात काय करावे, हा अखेरचा प्रश्न. प्रथम, जे दानातून होते ते दानातून करावे. जिल्ह्याच्या रुग्णालयात मूल दाखल झाले, तर त्याच्या आईबापांना चार रात्री कोठे काढाव्यात हे समजत नाही. देवस्थानच्या अग्रशाळांना पांथस्थांना निवारा देण्याची परंपरा आहे, तिचाच विस्तार रुग्णालयाच्या आसपास होऊ शकेल. रक्तदान शिबिरे, खर्चिक औषधांसाठी छोटा राखीव निधी, तपासणीत दोष आढळलेल्या मुलाला प्रत्यक्ष रुग्णालयापर्यंत नेऊन आणणारा एखादा स्वयंसेवक, हे सर्व देवस्थानच्या आवाक्यातील आहे. ‘पुढील तारखेला या’ असे सांगितलेली कित्येक मुले केवळ बसभाडे नाही किंवा कोणास विचारावे ते ठाऊक नाही म्हणून परत जात नाहीत, आणि त्या एका न झालेल्या फेरीत वर्षानुवर्षांची हानी होते. शेजारच्या महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. तेथे शस्त्रक्रियेस मूल नेणाऱ्या किती कुटुंबांना हे माहीत असते? अशी माहिती देणे हेही दानच आहे.

परंतु दुसरे कर्तव्य याहून महत्त्वाचे आहे. दानाने करावयाचे काम दानाने केले, म्हणजे शासनाने करावयाच्या कामातून शासन मुक्त झाले, असे होऊ देता कामा नये. जत्रेचा जमाखर्च महाजनांच्या सभेत पैपैने तपासला जातो. वीस रुपयांच्या फरकावर तासभर चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे. तीच चिकित्सक नजर आपण जिल्ह्याच्या आरोग्याच्या अंदाजपत्रकाकडे कधी वळवली आहे काय? मुलांच्या कक्षात परिचारिकांच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती रिकाम्या आहेत? काचेच्या पेट्या किती चालू आहेत आणि किती दुरुस्तीवाचून कोपऱ्यात पडल्या आहेत? मंजूर झालेला निधी कोणत्या महिन्यात प्रत्यक्ष हाती आला? हे प्रश्न कोणत्याही पक्षाचे नाहीत. ते विचारणाऱ्याला उपकार मागावयाचे नसतात. कर भरणाऱ्याने आपल्याच पैशाचा हिशेब विचारावयाचा असतो. उद्‌घाटनाच्या फिती कापण्यास पुढारी अगत्याने येतात. नित्य खर्चाला फीत नसते, म्हणून त्याची पाठराखण जागरूक नागरिकांनाच करावी लागते.

नंदादीप ज्याने दिला, त्याचे नाव समईवर कोरलेले असते. रोज तेल घालणाऱ्याचे नाव कोठेच नसते. परंतु गाभाऱ्यात उजेड असतो तो त्याच्यामुळे. लंडनमधील दहा खाटांचे घर, परळचे वाडिया रुग्णालय, हैदराबादचे निलोफर, ही सर्व अशीच समई आहे. घडवणाऱ्यांनी ती उत्तम घडवली. रोजचे तेल घालण्याचे काम आता कोणा एका धनिकाचे राहिलेले नाही. ते कररूपाने आपल्या सर्वांकडे आलेले आहे. ते वेळच्या वेळी पडते की नाही, हे पाहणे हे महाजन या शब्दाला शोभणारे कर्तव्य आहे. एवढा एक विचार या मंडपातून प्रत्येकाने घरी न्यावा, ही नम्र विनंती करून हे व्याख्यान येथे पुरे होते.